उसनं चिलखत

रविवारच्या उपासनेला कधीच न गेलेला माणूस एखाद्या दिवशी चर्चमध्ये जाऊन बसला, तर त्याला तिथल्या भाषेचं नवल वाटेल. हा धर्म शत्रूवरही प्रेम करा म्हणतो. पण त्याच्या गीतांत, प्रार्थनांत, प्रवचनांत ढाल, तलवार, शिरस्त्राण, किल्ला, विजय हे शब्द जागोजागी भेटतात. दारू सोडलेला तरुण साक्ष द्यायला उभा राहिला, की सैतानाशी झालेल्या झुंजीबद्दल बोलतो. घरात दुखणं आलं की ‘आमची लढाई चालू आहे’ असं सांगितलं जातं. आणि या सगळ्याला एकच पालुपद: प्रभूच्या सामर्थ्यानं. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांच्या कानाला हे शब्द इतके सरावलेले असतात, की त्यांचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. ही लढाई नेमकी कुणाशी? आणि सामर्थ्य जर देवाचं, तर लढणाऱ्यानं करायचं काय?

याची दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही मंडळींमध्ये चलनात आहेत. एक म्हणजे देवाचं नाव हाच मंत्र; तो बरोबर उच्चारला की संकट पळालंच पाहिजे. दुसरं म्हणजे सगळं देवावर सोडलंय, आता हात हलवायचं कारण नाही. बायबल या दोन्ही उत्तरांना थारा देत नाही.

पहिल्या उत्तराचा निकाल इफिस शहरात लागला होता. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं हे शहर दोन गोष्टींसाठी नावाजलेलं होतं: अर्तमीस देवीचं भव्य मंदिर आणि मंत्रतंत्र. प्रेषित पौल तिथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तिथली एक घटना आली आहे. एका यहुदी याजकाचे सात मुलगे भुतं काढण्याचा व्यवसाय करत. पौल ज्या येशूचं नाव घेतो ते नाव परिणामकारक दिसतंय, म्हणून त्यांनीही ते एका भूतग्रस्तावर वापरून पाहिलं. त्या माणसानं त्यांना असं बडवलं, की जखमी आणि उघड्या अंगानं त्यांना घराबाहेर पळावं लागलं. पुढे शहरातल्या अनेक मांत्रिकांनी आपल्या पोथ्या आणून सर्वांदेखत जाळल्या. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. ज्याच्याशी आपलं काही नातं नाही, त्याचं नाव हत्यारासारखं वापरता येत नाही, एवढं या शहराला त्या दिवशी कळलं.

ख्रिस्ती लढाईचा सर्वांत प्रसिद्ध मजकूर याच शहराच्या नावे असलेल्या पत्रात आहे. इफिसकरांस पत्र परंपरेनं पौलाचं मानलं जातं; काही अभ्यासकांच्या मते ते त्याच्या शिष्याचं आहे. पत्रातला पौल मात्र बेडीत आहे. त्याच्यावर पहारा रोमन सत्तेचा, म्हणजे शत्रू म्हणून बोट दाखवायला माणसं समोरच उभी. तरीही सहाव्या अध्यायात शस्त्रांची यादी सुरू करण्याआधी तो बजावतो, की आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. ते अंधाराच्या अदृश्य सत्तांशी आहे. मग यादी येते: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पायतणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. त्यानंतर लगेच प्रार्थना.

प्रवचनांत बहुधा सांगतात, की पौलानं पहाऱ्यावरचा रोमन शिपाई पाहून हे रूपक रचलं. असेलही. पण त्यातल्या दोन मुख्य वस्तू त्याहून कितीतरी जुन्या आहेत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या एकोणसाठाव्या अध्यायात देव पाहतो, की देशात न्याय उरलेला नाही आणि पीडिताची बाजू घ्यायला कुणी पुढे येत नाही. तेव्हा तो स्वतःच नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण चढवतो. म्हणजे इफिसकरांस पत्रात माणसाला मिळतं ते देवानं स्वतः वापरलेलं चिलखत. ते उसनं आहे, आणि उसन्या वस्तूला मालकाच्या अटी असतात. अंगात आहे म्हणून मिरवता येत नाही, आणि मालकाला मान्य नसलेल्या भांडणात ती घालून जाता येत नाही. चर्चची जमीन राखण्यासाठी खोटा कागद करणाऱ्यानं सत्याचा कमरबंद तिथेच काढून ठेवलेला असतो. मग वरचं उरस्त्राण कितीही चकचकीत असो.

वचन ही तलवार आहे, हेही जपून ऐकावं लागतं. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूची परीक्षा झाली, तेव्हा त्यानं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आधारे उत्तर दिलं. पण त्या प्रसंगात शास्त्राचा दाखला सैतानही देतो, तोही स्तोत्रसंहितेतला. वचन तोंडपाठ असणं म्हणजे देवाच्या बाजूला असणं, हा समज तिथेच मोडतो. येशूनं त्या वचनांचा उपयोग भाकरी मिळवायला केला नाही, सत्ता मिळवायला नाही आणि देखाव्यालाही नाही. तिन्ही वचनं त्यानं स्वतःला लावून घेतली.

देवाच्या सामर्थ्याबद्दल बायबलमधल्या कथा एका बाबतीत फार एकसारख्या आहेत: त्यांत माणसाचं बळ आधी कमी केलं जातं. मिद्यानी लोकांशी लढायला निघालेल्या गिदोनाकडे बत्तीस हजार माणसं होती. भित्र्यांना घरी धाडल्यावर दहा हजार राहिली आणि पुढच्या चाळणीत तीनशे. कारणही सांगितलंय: आपल्याच हातानं आपण सुटलो, अशी फुशारकी इस्राएलानं मारू नये. पौलाच्या शरीरात एक ‘काटा’ होता. तो काढून टाक, अशी त्यानं तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णत्वाला येतं, असं उत्तर मिळालं. आजाऱ्याच्या उशाशी बसून हमखास बरं होण्याची हमी देणाऱ्यांनी करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला हा बारावा अध्याय वगळलेला असतो.

मराठी वाचकाला आतल्या शत्रूंची ओळख नव्यानं करून द्यायला नको. षड्रिपूंची यादी त्याला लहानपणापासून ठाऊक असते आणि मनाशी रात्रंदिवस चाललेलं युद्ध तुकोबांनीही सांगितलं आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा एव्हाग्रिउस नावाचा ख्रिस्ती संन्यासी अशीच यादी करत होता. त्याच्याकडे आठ विचार आहेत: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, दुपारच्या वेळी येणारा उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. यातला उबग म्हणजे सूर्य जागचा हलत नाहीसं वाटणं, कोठडी नकोशी होणं, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असं सारखं मनात येणं. पण त्याचं सर्वांत तीक्ष्ण निरीक्षण कीर्तीबद्दल आहे. बाकीचे विचार हरले, की त्या विजयातूनच हा विचार जन्माला येतो. उपास केला, राग गिळला, वासना आवरली, आणि मग वाटू लागतं की मी कोणीतरी आहे. देवावर विसंबण्याची गरज पडझडीच्या वेळी सगळ्यांनाच कळते; ती सर्वांत जास्त असते जिंकल्यानंतर.

इथे दुसरं सोपं उत्तर, म्हणजे सगळं सोडून देणं, तपासायला हवं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाद पेलागिउस आणि ऑगस्टीन या दोन ख्रिस्ती विचारवंतांत पेटला. पेलागिउसचं म्हणणं सरळ होतं: देव आज्ञा देतो, त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे. ऑगस्टीननं स्वतःच्या तरुणपणातल्या सवयींशी केलेली झटापट ‘कन्फेशन्स’मध्ये लिहून ठेवली होती; चांगलं करावंसं वाटणं हेसुद्धा कृपेचंच देणं आहे, असं तो म्हणाला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागिउसचं मत नाकारलं. पण ऑगस्टीनची कृपा माणसाला झोपवत नाही. पाळीचं पाणी पाटाला सुटतं ते शेतकऱ्याच्या कर्तबगारीवर नाही. तरी रात्री दोन वाजता उठून, फावडं घेऊन दारं धरायला त्यालाच जावं लागतं. पिकाचं श्रेय पाण्याला देणारा शेतकरी बांधावर झोपलेला नसतो.

महाराष्ट्राच्या मातीत याचं सर्वांत लख्ख उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्यांनी प्रांजळपणे लिहिलं आहे, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना बऱ्याच वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आला. मधल्या काळात त्या ढिल्या मुळीच नव्हत्या. मिशनरी भगिनींना लिहिलेल्या पत्रांत चर्चच्या अधिकाराबद्दल त्या सडेतोड वाद घालतात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं.

१८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रमाबाई प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि विधवा मुली आपणहून येऊन बसत. हा धर्मांतराचा डाव आहे, असा आरोप झाला. ‘केसरी’नं टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याची भीती निराधार होती असं म्हणता येत नाही. पुढे सदनातल्या बऱ्याच मुली ख्रिस्ती झाल्या. पण रमाबाईंनी त्या दिवसांत काय केलं, हे आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. त्यांनी दार लावून घेतलं नाही, आणि पुण्याला सैतानाचं नगर ठरवून पाठही फिरवली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. जात किंवा धर्म विचारून कुणाला मागे ठेवलं नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर बिऱ्हाड टाकलं. त्याच सुमारास प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराबद्दल त्यांनी वृत्तपत्रातून इंग्रज सरकारलाही जाब विचारला. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्यांना सूट नव्हती.

केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थना पहाटेपासून चाले, आणि तिथेच विहिरी खणल्या जात, माग चालत, छापखाना चाले. आपल्या पैशाची तजवीज देव करतो, असं रमाबाई म्हणत. हिशेबाच्या वह्यांचं काम मात्र त्यांनी देवावर सोडलं नव्हतं. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. ते भाषांतर मंडळींमध्ये फारसं रुळलं नाही. शारदा सदनाचा मूळ बेतही टिकला नव्हता. जगाच्या मोजमापानं हा विजयांचा इतिहास नव्हे; पण केडगावचं काम आजही चालू आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं. जानेवारी १९५६, माँटगोमेरी शहरातला वर्णभेदाविरुद्धचा बस-बहिष्कार सुरू होऊन दोन महिनेही झालेले नव्हते. सत्तावीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंगना मध्यरात्री धमकीचा फोन आला. झोप उडाली, तेव्हा ते स्वयंपाकघरात कॉफी करून बसले आणि आपली शक्ती संपली आहे, आपण घाबरलो आहोत, हे त्यांनी देवाला मोठ्यानं सांगितलं. त्या प्रार्थनेत भीती ओसरली, असं त्यांनी नंतर लिहिलं. काही दिवसांतच, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती, दोघी बचावल्या. संतापलेला जमाव अंगणात जमला, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग ओसरीवर उभे राहिले आणि त्यांना शस्त्रं घरी ठेवायला, शत्रूवर प्रेम करायला सांगितलं. स्वयंपाकघरात मिळालेलं सामर्थ्य खरं होतं का, याची परीक्षा त्या ओसरीवर झाली. ते बळ जर फक्त धीट होण्याचं असतं, तर त्या रात्री माँटगोमेरीत रक्त सांडलं असतं. बहिष्कार मात्र ढिला पडला नाही. तो ३८१ दिवस चालला.

हे सगळं आज पुन्हा सांगायचं कारण, लढाईची भाषा सैल सोडली की माणसांवर जाते. नैराश्यानं खचलेल्या मुलीला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ म्हटलं जातं आणि तिच्या गोळ्या बंद होतात. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण होते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, मग मारणाऱ्याच्या हातात ताईत असो की बायबल. शेजारच्या धर्माचा माणूस, दुसऱ्या पंथाची मंडळी, प्रश्न विचारणारा आपलाच मुलगा, यांच्यात सैतान शोधला जातो. इफिसकरांस पत्रातली पहिलीच अट इथे मोडते. अल्पसंख्य समाजाला तर हा मोह जास्त, कारण त्याला खरोखरच त्रास देणारी माणसं भेटतात. त्या त्रासाविरुद्ध कायद्यानं, लेखणीनं, सभेत उभं राहून झगडायलाच हवं, रमाबाईंसारखं आणि किंगसारखं. मात्र अन्याय करणाऱ्याला माणसांतून वगळण्याची परवानगी या चिलखताच्या मालकानं दिलेली नाही. गेथशेमाने बागेत पेत्रानं तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा कान तोडला, तेव्हा येशूनं आधी आपल्याच शिष्याला थांबवलं आणि मग अटक करायला आलेल्या त्या माणसाचा कान बरा केला.

म्हणून कुणी ‘मी देवाच्या बळावर लढतोय’ म्हणालं, की त्याच्या आवाजाची पट्टी ऐकण्यापेक्षा समोरच्या माणसाकडे तो कसा पाहतो हे पाहावं. बळ देवाचं असेल तर तो खोटं बोलणार नाही, काम अर्ध्यावर टाकणार नाही, यश आलं तर ते खिशात घालणार नाही. त्याला हरण्याचीही मुभा आहे, कारण शेवटचा निकाल त्याच्या हाती नाही. सूड घेण्याची मुभा मात्र त्याला नाही.