वाळलेली होडी



कुदळीचा दांडा ढिला झाला, की घरातले जुने माणूस काय सांगते? रात्रभर पाण्यात टाकून ठेव. बैलगाडीला लाकडी चाके होती, तेव्हा उन्हाळ्यात त्यांची लोखंडी धाव सैल पडायची. मग गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करायचे. लाकूड पाणी पिते, फुगते आणि आपली जागा पुन्हा धरते. कोपरगावच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना हे नव्याने शिकवायला नको.

होडीलाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच, की कुदळ पाण्यात टाकून आपण झोपायला जातो. होडी पाण्यात टाकून झोपता येत नाही. त्या जागरणावरून आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो. बऱ्याच काळाने परत आलेल्या माणसावर भरवसा किती ठेवावा, आणि तो ठेवण्याची किंमत कोणी मोजावी?

काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही वसईच्या पाचूबंदर येथे स्नेह्यांकडे मुक्कामाला होतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा दर्यात जातात. त्यांच्यात एक जुनी, इंजिनाची लाकडी होडी होती. मालक वारल्यापासून ती सहा वर्षे तशीच पडून होती. आता धाकट्या मुलाला ती चालवायची होती. वडिलांबरोबर समुद्रावर गेलेला एक म्हातारा तांडेल त्याला काम सांगत होता. आम्ही रोज जाऊन बसत होतो.

पहिल्या दिवशी तांडेलाने चाकू मागितला. त्याचे टोक तो एकेका फळीत टोचून पाहू लागला. जिथे लाकूड टणक लागले, तिथून पुढे सरकला. जिथे टोक लोण्यात जावे तसे आत गेले, तिथे खडूने खूण केली. खूण केलेल्या फळ्या सुताराने काढल्या आणि नव्या सागाच्या बसवल्या. राहिलेल्या फळ्या चांगल्या होत्या, पण त्यांच्या मधल्या फटींतून बाहेरचा उजेड दिसत होता. मुलगा घाबरला. तांडेल म्हणाला, "कुजलंय ते वेगळं, वाळलंय ते वेगळं. वाळलेल्याला पाणीच औषध."

मुलाने त्या फटींत कापसाचा पीळ ठोकून गच्च भरायला घेतला. तांडेलाने त्याचा हात धरला. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढते. वाळलेल्या फटी गच्च भरल्या, तर पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात, खिळे सैल होतात, आतल्या बरगड्यासुद्धा तडकतात. म्हणून कापूस हलक्या हाताने भरला, त्यावर लेप दिला आणि चार दिवस आतून ओली गोणपाटे अंथरून ठेवली.

इंजिनाशीही घाई चालली नाही. टाकीतले जुने डिझेल काढले, तर तळाशी पाणी आणि गाळ निघाला. बॅटरी जोडण्याआधी इंजिनात तेल सोडले, एक रात्र थांबले आणि मग चाक हाताने थोडे थोडे फिरवून पाहिले. आत अडकलेले काही असेल, तर ते हाताला कळते. यंत्राचा जोर लावला, तर कळायच्या आधीच मोडते.

उधाणाच्या भरतीला होडी उतरली. दोर किनाऱ्याला बांधलेलेच होते आणि पंप तयार होता. तासाभरात आत घोट्यापर्यंत पाणी आले. बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "गेली ही, आता सरपणाला द्या." मग मंडळी घरी गेली. मुलगा आणि तांडेल रात्रभर पाळीपाळीने पंपाशी बसले. पहाटे पाणी कमी झाले. तिसऱ्या दिवशी दिवसभरात दोन बादल्याच निघाल्या.

एका जागी मात्र थेंब थेंब गळत राहिले. इंजिनाचा दांडा जिथून पंख्याकडे बाहेर जातो, ती ती जागा. मुलगा तिथला नट आवळायला गेला. तांडेल म्हणाला, "राहू दे. तो थेंब दांड्याला थंड ठेवतो. पूर्ण आवळशील तर तापून जळेल."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला थिसियसच्या जहाजाचा प्रश्न घातला होता. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तो नोंदवला आहे. एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिले की दुसरे झाले? आम्ही त्यावर पुष्कळ वाद घातला होता. पाचूबंदरला तो आठवला आणि थोडा लहान वाटला. होडी तीच आहे का, हे तिथे कोणी विचारत नव्हते. उद्या हिच्यात बसायचे का, हे विचारत होते. माणसाबद्दलही आपल्याला बहुतेक वेळा हेच ठरवायचे असते.

आता आमची एक चूक सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक गृहस्थ बरीच वर्षे दारूत होते. उपचार घेऊन ते परत आले. आम्हाला फार आनंद झाला. महिन्याभरात आम्ही त्यांना समितीत घेतले, हिशेबाची वही दिली, हरेगावच्या यात्रेच्या गाड्यांचे कामही सोपवले. विश्वास दाखवला की माणूस सावरतो, असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. यात्रेच्या आधीच ते पुन्हा घसरले. लोक म्हणाले, "आम्हाला माहीतच होते." आम्ही तोंडाने तसे म्हटले नाही, पण मनात तेच होते.

आज वाटते, त्यांच्या फटी आम्ही गच्च भरल्या होत्या. फुगायला जागाच ठेवली नव्हती. पहिल्या घसरणीला आम्ही शेवटची समजलो, हेही चुकलेच. पण सर्वांत मोठी चूक वेगळी होती. "त्यांना वेळ द्या" असे आम्ही त्यांच्या पत्नीला सांगत होतो आणि संध्याकाळी आपल्या खोलीत परत येत होतो. रात्रभर पंपाशी ती एकटीच होती.

बंधुभगिनींनो, धीर धरा हा उपदेश फार स्वस्त आहे, कारण धीर बहुधा दुसऱ्याने धरायचा असतो. क्षमा करा असे सांगणारा किनाऱ्यावर असतो आणि पाणी उपसणारी माणसे आत असतात. ज्याला आत उतरायचे नाही, त्याला "वेळ द्या" म्हणण्याचा अधिकार नाही, तसा "सरपणाला द्या" म्हणण्याचाही नाही.

यावर कोणी विचारील, मग सगळेच सोसायचे का? नाही. चाकू आधी येतो, हे विसरू नये. जिथे मारहाण आहे, जिथे लेकरांच्या जिवाला धोका आहे, तिथे लाकूड कुजलेले आहे. तिथे त्या बाईला धीर धरायला सांगणे हे पाप आहे. तिला आधी सुरक्षित जागी न्यावे. कुजलेले आणि वाळलेले यांतला फरक लांबून दिसत नाही. जवळ जाऊन, हात लावून पाहावे लागते.

आपल्या कोणाच्या तरी घरी कोणीतरी परत येईल. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून, किंवा भावाभावांच्या भांडणानंतर पुण्या-मुंबईहून. पहिल्या रात्री पाणी आत येईलच. त्या घराला आपण काय म्हणावे, यापेक्षा कोणत्या रात्री कोणी जाऊन बसावे, हे ठरवू या. एखादा थेंब पुढेही गळत राहिला, तर तो आवळायला धावू नये. आपल्यापैकी कोणाच्या होडीत तो नाही?

ते गृहस्थ पुढे कसे आहेत, हे सांगायला आमच्याकडे गोड शेवट नाही. मागच्या महिन्यात आम्ही त्यांना फोन केला. त्यांनी उचलला. बोलणे थोडेच झाले. या आठवड्यात पुन्हा करणार आहोत.