मरणोन्मुख बालकास औषध द्यावे काय?

१९४७ साली इंग्लंडात निघालेला ‘ब्लॅक नार्सिसस’ हा बोलपट आमच्या विशेष आवडीचा आहे, हे वाचून काही वाचकांस नवल वाटेल. आमच्या मंडळ्यांत मठवासी भगिनींची चाल नाही. आणि ह्या चित्रात तर हिमालयातील एका उंच स्थळी शाळा व दवाखाना चालवू पाहणाऱ्या पाच अँग्लिकन भगिनींची अखेर माघारच दाखविली आहे. रूमर गॉडन बाईंच्या कादंबरीवरून पॉवेल व प्रेसबर्गर ह्या जोडीने तो तयार केला. त्यातील कडे पाहून डोळे फिरतात. परंतु चित्र घेणारी मंडळी त्यासाठी हिंदुस्थानात आलीच नव्हती, ती शिखरे काचेवर रंगविलेली आहेत! बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरास मात्र ह्याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

आमच्या मनातून जात नाही तो एकच प्रसंग. तेथील जनरलाने आरंभी लोकांस पैसे देऊन दवाखान्यात पाठविलेले असते. डीन नावाचा त्याचा इंग्रज कारभारी भगिनींस बजावतो की, अत्यवस्थ रोगी हाती घेऊ नका. तो दगावला तर खापर तुमच्यावर फुटेल. पुढे एक माता मरणोन्मुख तान्हे मूल घेऊन येते. भगिनी ब्रायनी अनुभवी. मूल वाचणार नाही हे ओळखून ती हात आवरते. भगिनी हनी हिला ते पाहवत नाही, व ती एक निरुपद्रवी औषध देते. मूल मरते, आणि लगेच शाळा ओस पडते, दवाखाना ओस पडतो.

ह्यात चुकले कोणाचे? पुष्कळ जण हनीस दोष देतील, कारण तिच्या भाबडेपणाने चालते काम बुडाले. आम्हांस हा न्याय पटत नाही. जे काम एका बालकाच्या मरणाने बुडते, ते पैशाने जमविलेल्या गर्दीवर उभे होते, लोकांच्या विश्वासावर नव्हे. आमच्याच प्रांतात पाहा. १८५२ साली वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरास मिशन स्थापिले आणि १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी मिरजेस इस्पितळ उघडले. बरे होणारेच तेवढे आत घ्यावयाचे असा तेथे नियम असता, तर पडसेखोकल्यापलीकडे दारात काय आले असते? शस्त्रक्रिया करणारा प्रत्येक वैद्य अपयशाचा बोल अंगावर घेऊनच शस्त्र उचलतो. दाखल्यातील शोमरोनी मनुष्यानेही, हा जखमी वाटेत मेला तर लोक मलाच लुटारू म्हणतील, असा हिशेब केला नाही.

तथापि हनीचे करणे निर्दोष होते असेही आम्ही म्हणत नाही. ज्या औषधाने गुण येणार नाही ते देणे म्हणजे मातेच्या हाती खोटी आशा देणे होय. त्यात दयेचा काही भाग आपले स्वतःचे मन शांत करण्यासाठीही असतो. ब्रायनीचे ज्ञान खरे, हनीचे अश्रूही खरे. परंतु मातेजवळ बसून तिला खरे सांगणे, आणि रात्रभर तिच्या उंबऱ्याशी जागणे, हा तिसरा मार्ग होता. आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत तो कितीतरी अशिक्षित बाया कोणी न शिकविता चालतात.

चित्राच्या शेवटी पाऊस सुरू होतो व भगिनी डोंगर उतरून जातात. त्या बालकाच्या घरी त्यांतील कोणी समाचारास गेल्याचे मात्र पडद्यावर कोठेच दिसत नाही.