वाळणकोंड ते कुरटे बेट

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पाण्याकडे मौज म्हणून पाहायची सवय कुणाला नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी आणि काळ या नद्यांचं पाणी पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्र गाठते. समुद्र तसा लांब नाही, तरी आमचं त्याच्याशी नातं बाजारापुरतंच. मे महिन्यात सोडे, सुकट, बोंबील भरून ठेवले, पावसाळ्याची बेगमी झाली, की समुद्राचा विषय संपला. नदीशी नातं जवळचं, पण धाकाचं. डोहांत मगरी आहेत, आणि पुराचं पाणी बघता बघता बाजारपेठेत शिरतं. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेल्या हजारो माणसांना चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी जिथे लढावं लागलं, तिथे पाणी नुसतं देखाव्यापुरतं उरत नाही.

पाणबुडेही आम्ही पाहिले ते दुःखातच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या व आणखी काही वाहनं माणसांसकट वाहून गेली. नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षक दल आलं, एनडीआरएफचे जवान आले. पाणी गढूळ, ओढ जबरदस्त, आत उतरलेल्या माणसाला स्वतःचा हातही दिसू नये अशी स्थिती. लोखंडाचा ठाव लागावा म्हणून वजनदार लोहचुंबक पाण्यात सोडले गेले. काही मृतदेह खाडी ओलांडून पार समुद्रकाठी सापडले. काठावर उभं राहून पाणबुडा वर येण्याची वाट पाहणारी माणसं मी त्या दिवसांत पाहिली आहेत. त्यामुळे पाण्याखाली उतरण्याचा विचार माझ्या मनात येई तो त्या काठासकटच.

म्हणून भाची जेव्हा म्हणाली, “मावशी, मालवणला जाऊ, पाण्यात उतरून मासे बघू,” तेव्हा मला लगेच हो म्हणवेना. मला पोहता येत नाही. माझ्या वयाच्या आमच्याकडच्या बहुतेक बायकांना येत नाही. मुलींनी नदीत उतरायचं ते कपडे धुवायला, एवढंच शिकवलं जाई. भाचीने हट्ट सोडला नाही. शेवटी कशेडीच्या बोगद्यातून आमची गाडी दक्षिणेकडे लागली.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचं खडकाळ बेट आहे, जेमतेम ४८ एकरांचं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्यावर किल्ल्याचं काम सुरू केलं, तोच सिंधुदुर्ग. रायगडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हा किल्ला पाहताना वेगळंच काही जाणवतं. आमच्याकडचा किल्ला मान वर करून पाहायचा, हा पाण्याच्या पातळीवर उभा. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी. ते ओंजळीत घेऊन पिताना मी बराच वेळ तिथे थांबले. बेट निवडताना बांधणाऱ्यांनी आधी पाणी पाहिलं असणार, असं मला मनोमन वाटलं.

किल्ल्याच्या तटाबाहेर, खडकांच्या आसऱ्याने, प्रवाळाचे पट्टे आहेत. होडीतल्या पोराने मला जॅकेट बांधलं, हवेने भरलेली रिंग हातात दिली, डोळ्यांवरची काच आणि श्वासाची नळी कशी लावायची ते दाखवलं आणि म्हणाला, “घाबरू नका हां काकी. नाकान नको, तोंडान श्वास घेवा.” तोंडाने श्वास घेणं ही साधी गोष्ट, पण पाण्यात तोंड घातल्याबरोबर सगळं शरीर तिला विरोध करतं. छाती आखडते, हात रिंग सोडायला तयार होत नाहीत. त्या पोराने घाई केली नाही. माझ्या मनगटाला धरून तो पाण्यात नुसता थांबला. मग श्वास सापडला.

खालचं सांगायचं तर आधी आवाजाचं सांगायला हवं. पाण्यात शांतता असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक तडतडाट चारी बाजूंनी चालू होता. प्रवाळाच्या फटींत राहणारी चिमुकली कोळंबी आपला नांगा झटक्यात मिटते, त्याचा हा आवाज, असं नंतर कळलं. मग नजर स्थिरावली. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने फिरत होते. पोपट मासा चोचीसारख्या तोंडाने खडक खरवडत होता. तो प्रवाळावरचं शेवाळ खातो, त्यासोबत पोटात गेलेला चुना भरडून वाळू करून बाहेर टाकतो. एका कपारीत गोबरा होता, नुसतं तोंड बाहेर. बाजारात बर्फावर पडलेला गोबरा मी अनेकदा पाहिला होता, हात लावून, कल्ले उचलून. हा आपल्या घराच्या दारात होता आणि परकी मी होते. तो माझ्याकडे पाहत होता की नाही, कोण जाणे, पण मला संकोच वाटला.

तिथलं पाणी काही नितळ नव्हतं. चित्रांतल्या बेटांसारखं निळं, तळ दाखवणारं पाणी मालवणला फार कमी दिवस असतं. कोकणच्या समुद्रात गाळ आहे, भरती-ओहोटीची घुसळण आहे, आणि पावसाळ्यात तर इथे कुणी उतरतच नाही. तरीही इथे प्रवाळ आहे, गढूळपणा सोसणारा. त्याच्या काही ठोकळ जाती वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे माझ्या कमरेएवढा गोळा वाढायला पिढ्या जातात, आणि पर्यटकाचा पाय किंवा होडीचा नांगर पडला की तो क्षणात मोडतो. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. तसे पांढरे डाग मी पाहिले. वरून गाळ बसला तरी ऊन अडतं.

हे गाळाचं कळल्यापासून मला आमची नदी वेगळी दिसू लागली आहे. नदीच्या मुखाशी, जिथे गोडं पाणी आणि माती येऊन पडते, तिथे प्रवाळ तग धरत नाही. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर डोंगर आला, त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, महाड शहरात घराघरांत चिखलाचे थर साचले. ती सगळी तांबडी माती शेवटी कुठे गेली, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. विचारण्याची ती वेळही नव्हती; माणसं शोधायची होती. पण उतारावरची झाडी गेली की घाटातली माती सुटते आणि खाडीवाटे समुद्राच्या तळाशी जाऊन बसते. डोंगरात राहणारे आपण समुद्राशी इतके जोडलेले आहोत, हे मला कोणी शाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पाण्यातून वर येण्याआधी त्या पोराने कमरेच्या पिशवीतून पावाचे तुकडे काढून सोडले. क्षणात मासे आमच्या बोटांना लागू लागले. भाची आनंदाने हसत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वाळणकोंड उभा राहिला.

वाळणकोंड महाड तालुक्यात, बिरवाडीच्या वरच्या अंगाला, काळ नदीवर आहे. काळ्या कातळात नदीने कोरलेला खोल डोह, आणि त्यात महसीर जातीचे मोठाले मासे. हे वरदायिनी देवीचे मासे. ते पकडायचे नाहीत, मारायचे नाहीत, खायचे नाहीत. माणसं दर्शनाला येतात, कुरमुरे टाकतात. पहिल्यांदा लहान मासे वर येतात, त्यांच्या खालून मधले, आणि थोडा धीर धरला तर अगदी तळातून मोठे, काळसर पाठीचे. लहानपणापासून मी हे काठावरून पाहत आले. डोहाचा तळ कुणाला लागला नाही, अशी गोष्टही ऐकली. ती खरी का खोटी याची चौकशी करावी असं कधी वाटलं नाही; त्या गोष्टीमुळे कुणी तिथे जाळं घेऊन उतरत नाही, एवढं तिचं काम आहे आणि ते ती चोख करते.

महसीर हा वर चढणारा मासा. अंडी घालायला त्याला प्रवाहाच्या उलट जावं लागतं, स्वच्छ, खेळतं पाणी लागतं. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या, जिलेटिनच्या कांड्यांनी डोहच्या डोह रिकामे केले, कारखाने आले तसा खालच्या नदीच्या पाण्याचा रंग आणि वास बदलला. एवढं होऊनही वाळणकोंडात मासा उरला आहे. तो उरला कारण आजूबाजूच्या गावांनी एक गोष्ट ठरवली आणि पिढ्यान् पिढ्या पाळली. आणि ही गावं काही मासे न खाणारी नव्हेत. मृगाच्या पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की वलगणीचे मासे शेतात चढतात, तेव्हा कंदील घेऊन रात्र-रात्र भिजत ते धरणारे हेच लोक. पाग म्हणजे फेकायचं जाळं, तो टाकावा तर आमच्या कातकरी बांधवांनी. पाण्यावर पडताना त्याचं पूर्ण वर्तुळ होतं. तेच हात कोंडापाशी आले की थांबतात. धरायची जागा वेगळी, न धरायची जागा वेगळी, आणि ही सीमा सगळ्यांना तोंडपाठ.

मालवणची सीमा कागदावर आहे. १९८७ साली सरकारने तिथे सागरी अभयारण्य जाहीर केलं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला सिंधुदुर्ग आणि शेजारच्या पद्मगडाभोवतीचा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा भाग गाभा. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्या पाण्यात आजोबा-पणजोबांनी जाळी टाकली, त्यावर एके दिवशी कुणी रेषा ओढली तर ती आपली कशी वाटावी? पण पुढे जे झालं तेही पाहायला हवं. मच्छीमारांचीच पोरं पर्यटकांना प्रवाळ दाखवू लागली. ज्या खडकात जाळं फाटतं म्हणून बाप शिव्या देत असे, तोच खडक मुलाला रोजगार देऊ लागला. माझं मनगट धरणारा पोरगा सांगत होता, की होडीचा नांगर प्रवाळावर पडू नये म्हणून ते आपापसांत एकमेकांना टोकतात. मला त्याच्या त्या टोकण्यात वाळणकोंड दिसला. पावाचे तुकडे मात्र बंद व्हायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळा ठेवणारा मासा पावाच्या मागे लागला तर त्याचं काम कोण करणार? आणि हाच प्रश्न मग आमच्या कुरमुऱ्यांनाही विचारावा लागेल, तोही मी टाळत नाही. मूठभर पुरे, पोतं नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्याच दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीने लांबवर अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. आम्हीही दोराला हात लावला. हाताची कातडी सोलवटली. बराच वेळ नुसतं पाणी ओढतोय असं वाटत होतं, मग जाळं जवळ आलं आणि त्यात चांदी उसळली: तारली, पेडवे, थोडे बांगडे. ओढणाऱ्या सगळ्यांचे वाटे पडतात. आमच्याही हातावर एका म्हाताऱ्याने चार बांगडे ठेवले, नको म्हणू दिलं नाही. रापणीचं जाळं किनाऱ्याला जे येईल तेवढंच घेतं. खोल समुद्रात पर्ससीनची जाळी थवेच्या थवे उचलतात. २०१६ साली राज्य सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले, नंतर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्यावर बंदी आली, तरी दांडीवरची माणसं त्याविषयी बोलू लागली की थांबत नाहीत. रात्री समुद्रावर दिवे दिसतात, असं ती सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज चढतो.

ते बांगडे आम्ही त्याच दिवशी खाल्ले. तिरफळ घातलेलं तिखलं होतं, फार चवीचं. पाण्यातला मासा इतक्या जवळून पाहिल्यावर तो खाववणार नाही, असं भाचीला वाटलं होतं. मला तसं वाटलं नाही. कपारीतला गोबरा आणि ताटातला बांगडा यांत मला विरोध दिसत नाही, जोवर कपार सुरक्षित आहे.

घरी आल्यापासून मी एकच विषय लावून धरला आहे. पोलादपूरच्या आसपास सावित्रीला आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांना कितीतरी कोंडी, म्हणजे खोल डोह, आहेत. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मासा तिथेच जीव धरून राहतो आणि नेमकी तेव्हाच मासे मारायला तिथे ब्लीचिंग पावडर पडते. प्रत्येक गावाने आपली एक कोंड सोडावी, तिथे जाळं नाही, गळ नाही, पावडर तर नाहीच. पावसात त्याच कोंडीतला मासा वर चढेल आणि वलगणीला शेतात मिळेल. तोटा कुणाचाच नाही. बचत गटाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा बायकांना पटलं. शेजारचे अण्णा मात्र म्हणाले, “वाळणला देवी आहे, मालवणला पर्यटक आहेत. आपल्या कोंडीवर कोण बसणार राखायला?” मी त्यांना म्हटलं, आधी तुम्हीच बसा. ते हसले नाहीत. उन्हाळ्यात पाणी किती राहतं, ते त्यांनी मला विचारलं, आणि पुढच्या रविवारी आम्ही चौघं-पाचजण कोंड पाहायला जाणार आहोत.