माळवदाखालची थप्पी

कळंबच्या बाजारातून परतताना मी भाच्याला सुनावलं, "तुझं बिटकॉइन म्हणजे निव्वळ हवा. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलर, वर्षभरात 16 हजार. चढल्यावर लोक धावले, पडल्यावर विकून मोकळे झाले."

"आणि मामा, तुमच्या माळवदाखालची थप्पी?"

"ते सोयाबीन आहे. तेल निघतं, पेंड निघते."

"तुम्ही काढलं का तेल? ऑगस्ट 2021 ला लातुरात भाव दहा हजारांवर गेला, तेव्हा तुमच्याकडं एक कट्टा नव्हता. पुढचा माल मात्र त्याच दहा हजारांसाठी धरून बसलात. मी मोबाइलवर बिटकॉइनचा भाव बघतो, तुम्ही लातूरचा."

"मालाला तळ असतो. तेलवाला कधीतरी घेणारच."

"तळ आहे, पण तुमच्या खर्चाच्या खाली. 2024 ला हमीभाव 4,892 आणि बाजारात त्याहून कमी."

"अरे, मला पिकवल्याशिवाय गत्यंतर नाही. तुला कुणी सांगितलं होतं?"

"पिकवायला नाही हो. ठेवायला कुणी सांगितलं?"

दिवाळीच्या तोंडावर देणी भागवायला सगळे विकतात, भाव पडतो. ज्याला दम धरता येतो त्यानं धरावा, हे मला आजही पटतं. तसं सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्यांनीच दम धरला तर?"

2022 च्या मालाचं तेच झालं होतं. गावात घरोघरी थप्प्या लागल्या होत्या. मी, हरणारा माणूस करतो तसा, विषय बदलला. गेनबिटकॉइन योजनेचं प्रकरण काढलं: दरमहा दहा टक्क्यांचं आमिष, 2018 मध्ये पुणे पोलिसांकडून तिच्या सूत्रधाराला, अमित भारद्वाजला, अटक.

"ती चोरी होती मामा. चोर भिशीतही निघतात. पण लोकांनी पैसे कुणाच्या शब्दावर टाकले? साडूच्या, मेहुण्याच्या."

"आणि तू?"

जरा वेळ गाडीचाच आवाज. "मित्राला मिळाले म्हणून. तेही चढल्यावरच." मग स्वतःच पुढं बोलला, "एप्रिल 2022 पासून नफ्यावर तीस टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही होत नाही. तुमच्या शेतीला कर नाही, म्हणून तुमचा जुगार कागदावर येत नाही."

जुगार हा शब्द मला झोंबला. पिकाला घाम लागतो, असं म्हणणार होतो. पण घाम पिकवण्यात गेला होता, ठेवण्यात नाही, हे तो बोलून बसला असता.

थप्पीत अजून बावीस कट्टे आहेत. खालच्या दोनांना उंदीर लागलेत.