मोळीखालची माणसे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, चालतो. या चार-पाच महिन्यांत कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठचा ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे येतात. जत, आटपाडीसारख्या सांगलीच्याच दुष्काळी तालुक्यांतूनही टोळ्या निघतात. कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत कारखान्याजवळच्या माळावर किंवा रिकाम्या रानात त्यांच्या खोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपला की मोडतात. या माणसांच्या आजारांचा विषय निघाला की गरिबी, अस्वच्छता, अज्ञान आणि व्यसन ही चार कारणे ठरल्यासारखी सांगितली जातात. चारही थोडीफार खरी आहेत. तरी ऊसतोड कामगाराचे दुखणे नीट पाहिले, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा काम लावण्याच्या रीतीत सापडते.

या रीतीचे माप कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. हंगामाआधी, बहुधा पावसाळ्यातच, टोळी जमवणारा मुकादम जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती घरातले लग्न, दवाखाना, बियाणे किंवा जुने देणे यांत खर्च होते आणि जोडी फडात उतरते तेव्हा तिचे काम पैसे मिळवण्यासाठी कमी, फेडण्यासाठी जास्त असते. मजुरी टनावर मिळते. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते, सोलते, बांधते आणि गाडीत भरते. एखाद्या दिवशी दोघांपैकी कोणी कामावर गेले नाही तर त्याला खाडा म्हणतात. खाड्याच्या दिवशी मजुरी बुडतेच, शिवाय अनेक टोळ्यांत दंड उचलीत चढवला जातो. म्हणजे ताप आला म्हणून झोपून राहिलेल्या बाईच्या नावावर संध्याकाळी कर्ज वाढलेले असते. ऊसतोडीतल्या आरोग्याचा विचार इथूनच करावा लागतो, कारण पुढचे बहुतेक आजार ‘अंगावर काढले’ जातात ते याच हिशेबामुळे.

कामाचा दिवस पहाटे सुरू होतो. दवाने भिजलेल्या फडात वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या. मग मोळी डोक्यावर घेऊन, ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून चढून वर टाकायची. एका मोळीचे वजन वीस-पंचवीस किलो, कधी त्याहून अधिक असते आणि दिवसात अशा कितीतरी खेपा होतात. मान, कंबर आणि गुडघे या ओझ्याखाली तिशीतच कुरकुरू लागतात. कोयत्याचे घाव, पाचटाच्या धारेने चिरलेले हात, उसाच्या कुशीने सुजलेले डोळे हे रोजचेच. त्यांना कोणी दुखापत मानत नाही. साप असतात. कराड आणि शिराळा भागात उसातच बिबट्यांचा वावर असतो आणि तोड सुरू असताना त्यांची पिल्ले सापडतात. दिवसभर तोडून झाले तरी दिवस संपत नाही: गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. झोप केव्हा मिळणार हे गाडीच्या फेऱ्या ठरवतात. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्याने पक्षाघात आणि हृदयविकार वाढतात, आणि २०१६ या एका वर्षात जगभर अशा कामामुळे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडला. ऊसतोडीच्या हंगामात ५५ तास चार-पाच दिवसांतच भरतात.

स्त्रीच्या वाट्याला हे सगळे काम येते आणि त्याच्या आधी व नंतर स्वयंपाक, पाणी, सरपण, मुलेही येतात. खोप्यांच्या वस्तीत शौचालय क्वचितच असते, फडात तर नसतेच. आडोशाची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला जागा नाही, धुवायला स्वच्छ पाणी नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अनियमित रक्तस्राव या तक्रारी वर्षानुवर्षे उपचाराविना राहतात. जोडीशिवाय पूर्ण कोयता होत नाही, म्हणून मुलींची लग्ने लवकर लावली जातात. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता पुन्हा डोक्यावर मोळी, असा हा क्रम आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या बाईचे गर्भाशय या क्रमाने दुखरे होते.

मग ती हंगाम संपल्यावर गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते आणि तिथे सांगितले जाते की पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये हे प्रकरण देशभर गाजले. बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत आधीच्या तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. चर्चा पुढे डॉक्टरांच्या लोभावर केंद्रित झाली आणि अशा शस्त्रक्रियांना सरकारी परवानगीचे बंधन आले. ते आवश्यकच होते. परंतु बाईने शस्त्रक्रियेला होकार का दिला, या प्रश्नाचे उत्तर फडात आहे. दर महिन्याचे दुखणे म्हणजे दर महिन्याचा खाडा. पिशवी काढली की खाडा नाही, असा तो हिशेब आहे. कमी वयात गर्भाशय, आणि काही वेळा त्यासोबत बीजकोशही काढल्यावर हाडे ठिसूळ होणे, अंगाची आग होणे, सतत थकवा हे त्रास सुरू होतात. त्या त्रासांसह तीच बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते. बीडमध्ये मोजल्या गेलेल्या या आजाराचा एक भाग सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या शिवारात तयार झालेला आहे. हे या जिल्ह्यांनी आपले म्हणून स्वीकारायला हवे.

फेब्रुवारीनंतर उन्हाचा प्रश्न सुरू होतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशांत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होऊन हजारो माणसे मेली. कडक ऊन, अतिश्रम आणि वारंवार शरीरातील पाणी कमी होणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि फडाजवळ हलवता येणारी सावली एवढीच व्यवस्था केली, तेव्हा मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झालेली दिसली. सांगलीचे मार्च-एप्रिलमधले ऊन त्याहून सौम्य नाही. टनावर मजुरी मोजली जाते तिथे मजूर स्वतः होऊन विश्रांती घेत नाही. ती कामाच्या नियमातच घालावी लागते.

मुलांचे हाल वेगळे सांगायला नकोत. आई फडात असताना ती पाचटावर किंवा बैलगाडीखाली झोपतात, आणि गावाकडे नाव असलेल्या अंगणवाडीचा व लसीकरणाचा धागा तुटतो.

दवाखाने जवळ नाहीत म्हणून हे होते, असेही म्हणता येणार नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचे वैद्यकीय केंद्र आहे. कराडलाही मोठी रुग्णालये आहेत. पण वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या फडातून तिथे जायचे तर एक दिवस मोडतो, आणि तो दिवस कामगाराच्या मालकीचा नसतो.

तो दिवस कोणाच्या मालकीचा, हाच कायद्याचाही पेच आहे. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी करतो, वाहनमालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम जोड्या आणतो. तोडणीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. त्यामुळे कारखाना म्हणतो कामगार आमचा नाही, शेतकरी म्हणतो मी त्याला बोलावलेच नाही आणि वाहनमालक सांगतो की उचल बुडवून पळालेल्या टोळीमुळे मीच बुडालो. हे शेवटचे म्हणणे खोटे नाही. या दोन जिल्ह्यांतले कितीतरी ट्रॅक्टरमालक असे फसले आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेतून साखरेसारखे हंगामी कारखाने पहिल्यापासून वगळलेले आहेत. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये झालेला कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून वाळव्याला आलेली जोडी त्यात बसली नाही.

या पेचाला महाराष्ट्रात एक जुने उत्तर आहे आणि ते सातारा-सांगलीच्या माणसांच्या कष्टातूनच आले आहे. दुष्काळी माण-खटावमधून, पाटणच्या डोंगरांतून माणसे मुंबईला गेली आणि गोदी, मशीदबंदर, धान्याचे व लोखंडाचे बाजार येथे पाठीवर ओझी वाहू लागली. त्यांनाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या. मध्ये टोळीवाला, मजुरी वजनावर, आजारपणात काहीच नाही. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याने मालक एकच असला पाहिजे ही अटच बाजूला ठेवली. कामगाराची आणि माल उतरवून घेणाऱ्याची, दोघांचीही नोंद या कायद्याखालच्या मंडळाकडे होते. मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळात जमा होते. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि औषधोपचार यांची सोय होते. ओझे तेवढेच राहिले, पण ते वाहणाऱ्याला आजारी पडण्याचा हक्क मिळाला.

ऊसतोड कामगारासाठी अशी यंत्रणा उभी करणे अशक्य आहे, हे पटण्यासारखे नाही. कामगार फिरता आहे, त्याची नोंद कशी ठेवणार, असा आक्षेप घेतला जातो. पण उसाची नोंद लागणीपासून होते: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. कोणती गाडी कोणाच्या फडातून किती टन घेऊन आली, हे वजनकाट्याच्या पावतीवर असते. चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा कर्मचारी, रोज फडात जातो. त्याच पावतीवर तोडणाऱ्या जोडीचा क्रमांक आला तर कोणी किती दिवस काम केले, हे कारखान्याच्या संगणकात आपोआप राहील. पैशाचा मार्गही तयार आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे यात एक कोटी रुपये होतात. हे पैसे कल्याणाच्या कार्यक्रमांपेक्षा आधी आजारपणाच्या भरपगारी दिवसांवर आणि बाळंतपणाच्या रजेवर खर्च व्हायला हवेत.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती कामगारांनी संपाच्या तयारीने मिळवली आणि ती न्याय्यच होती. पण टनाचा दर वाढल्याने विश्रांती मिळत नाही. आजारी दिवशी शून्य टनाचे शून्यच रुपये होतात. यंत्राने तोडणी वाढते आहे, म्हणून हा प्रश्न आपोआप संपेल, असेही काही जण सांगतात. लहान तुकडे, अरुंद सऱ्या आणि ओल्या जमिनी असलेल्या या खोऱ्यात कोयता अजून बरीच वर्षे लागणार आहे.

वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि कुंडलचे जी. डी. बापू लाड हे दोघे साताऱ्याच्या प्रतिसरकारातले लढवय्ये होते. साखर कारखाना शेतकऱ्याच्या मालकीचा असावा, ही त्या पिढीची निष्ठा होती आणि शेतकऱ्याला ती मालकी मिळाली. तोडणाऱ्याचा त्या सहकारात भाग नाही, मत नाही, नोंदही नाही. भागधारकांनी आपल्या वार्षिक सभेत तीन मागण्यांचा ठराव करावा: पावतीवर जोडीचा क्रमांक; फडावर पाणी, सावली आणि फिरते शौचालय; आणि खाड्याचा दंड बंद. पुढच्या हंगामात गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी हे होऊ शकते.