आत ये

२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा कल्याण पूर्वेला आमच्या खिडक्या थरथरल्या. आई ओरडली, "खिडकीपासून लांब हो, आत ये!" आत म्हणजे सुरक्षित, हे आपण लहानपणापासून शिकतो.

तो अपघात होता. थर्मोबॅरिक शस्त्र मात्र हा 'आत'वरचा विश्वास मुद्दाम मोडतं. टीएनटीसारख्या नेहमीच्या स्फोटकाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्याचा धक्का जबर, पण क्षणभराचा. थर्मोबॅरिक शस्त्रात इंधन जास्त असतं, बऱ्याचदा ॲल्युमिनियमची पूड. ते जळायला भोवतालच्या हवेतला ऑक्सिजन घेतं. त्यामुळे दाब जास्त वेळ टिकतो, वळणं घेत तळघरात, बंकरमध्ये शिरतो. बंद खोलीत भिंतींवर आपटून तो आणखी घातक होतो. फुफ्फुसं फाटतात.

मित्र म्हणतो, "मेलेल्याला काय फरक पडतो?" त्याला नाही पडत. पण मारणाऱ्याला पडायला हवा. आडोशाला गेलेला माणूसही सुटू नये, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

अर्जुन रणगाड्यासाठी असा गोळा पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी तयार केला. ते वाचून मला अभिमान वाटला होता, आजही थोडा वाटतो. बंकरमधल्या सैनिकाविरुद्ध तो वापरणं मी समजू शकतो. या शस्त्रावर बंदी घालणारा वेगळा आंतरराष्ट्रीय करारही नाही. पण वस्तीवर ते डागणाऱ्याला 'चुकून लागलं' म्हणायची सोय नाही. तिथे आत कोण असतं, हे त्यालाही ठाऊक असतं.