यंत्रात मन दिसते काय?

गेल्या वर्षावासात बुधवार पेठेतल्या आमच्या विहारात वंदना आटोपल्यावर एक उपासिका मागे थांबल्या. विड्या वळून संसार चालविणारी बाई. घरात त्रिशरण-पंचशील येऊन दोनच वर्षे झालेली. पंधरा वर्षांच्या मुलाला लहानपणापासून फिट येते. पूर्वी त्याला देवऋष्याकडे नेत, अंगारा लावीत. धम्म घेतल्यावर त्यांनी ते सोडले आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली. औषधांनी पुरते भागेना, म्हणून पुण्याला दाखविले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की, शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, पण आधी मेंदू काम करीत असतानाचे चित्र घ्यावे लागेल.

बाईंनी मला दोन प्रश्न विचारले. "गुरुजी, त्या मशिनीत पोराच्या मनातलं दिसतं का?" आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, "आमच्या डोक्यात कमी हाय, असं तर न्हाई ना निघणार?"

दुसऱ्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. 'यांच्या डोक्यात विद्या शिरत नाही' हे पिढ्यान्पिढ्या ऐकलेल्या घरातून तो आला होता. मला उत्तर येत नव्हते. मी त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले, पुस्तके आणली आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला घरी बसवून सगळे समजावून घेतले.

या परीक्षेला एफएमआरआय म्हणतात. आत सुरी नाही, क्ष-किरण नाहीत. एक प्रचंड चुंबक आणि रेडिओच्या लहरी. यंत्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करते, डोके हलवायचे नसते, अंगावर धातूची वस्तू चालत नाही. मग ते पाहते काय? विचार नव्हे. ते पाहते रक्त.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खातो. प्राणवायू वाहतो रक्तातला तांबडा पदार्थ, म्हणजे हिमोग्लोबिन. त्यात लोह असते. प्राणवायू देऊन हिमोग्लोबिन रिकामे झाले की त्याला चुंबकाची किंचित ओढ लागते. भरलेले असताना तशी लागत नाही. हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली दाखविले. रिकामे रक्त चुंबकाच्या क्षेत्रात थोडी गडबड करते, त्यामुळे तिथून येणारा संदेश मंद होतो. आता मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजे रक्त धावते, आणि गंमत म्हणजे गरजेपेक्षा जास्तच धावते. रिकामे रक्त वाहून जाते, तिथला संदेश थोडा उजळतो. या फरकाचा उपयोग चित्रासाठी करता येईल हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९९० साली दाखविले, आणि दोनच वर्षांत माणसांवर ही पद्धत चालू लागली.

हा फरक किती? एक-दोन टक्के, क्वचित थोडा अधिक. आणि रक्ताला पोचायला वेळ लागतो. विचार क्षणात होऊन जातो, रक्ताची लाट पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचते. चित्रातला एकेक ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, पण त्यात लाखो पेशी मावतात. मी बाईंना सोलापूरच्या भाषेत सांगितले: कारखान्याबाहेर उभे राहून विजेचा मीटर पाहावा तसे हे आहे. आत यंत्रमाग चालू आहेत एवढे कळते. मागावर चादर आहे की टॉवेल, आणि विणणाऱ्याच्या मनात घरभाड्याची चिंता आहे की लेकीचे लग्न, हे मीटर सांगत नाही.

चित्रातले लाल-पिवळे डागसुद्धा मेंदूत असतात असे समजू नका. बोटे हलवतानाची मोजमापे घ्यायची, स्वस्थ पडल्यावरची घ्यायची, एकातून दुसरी वजा करायची, आणि जिथे फरक योगायोगाने आलेला नाही असे गणित म्हणेल तिथे रंग भरायचा. रंग माणूस भरतो. गणितात ढिलाई झाली तर काय होते याचा एक नमुना अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ साली मांडला. त्यांनी बाजारातून मेलेला सामन मासा आणून यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखविली'. हजारो ठिपक्यांची तपासणी एकदम करताना जी दुरुस्ती करावी लागते ती न करता हिशेब केला, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल निघाली! दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली.

हा विनोद इथेच सोडता आला असता, पण याच्याजवळचा एक प्रकार आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा देताना आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. ती पद्धत वेगळी, तिथे रक्त नव्हे तर वीज मोजतात. पण दावा एकच: 'याच्या डोक्यात गुन्ह्याची आठवण आहे, ती आम्हाला दिसली.' जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर शंका घेतली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची असली चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही. आधार होता संविधानाच्या कलम २०(३) आणि २१ चा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, मग त्याच्या मेंदूला कसे पाडता येईल? पोलीस चौकीत कोणाच्या घरची माणसे आधी नेली जातात हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हा निर्णय प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे.

आता बाईंचा दुसरा प्रश्न. डोकी मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योग जुना आहे. इंग्रजी अमलात रिस्ले साहेबाने नाकांची मापे घेऊन जातीची उच्चनीचता नाकाच्या रुंदीवर ठरविली. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात काय केले? मोजपट्टीला शिव्या दिल्या नाहीत. घुर्ये यांनी दिलेली नाकांच्या मापांची कोष्टकेच पुढे घेतली, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे शेजारी ठेवले आणि दाखविले की दोघांचा वंश निराळा ठरत नाही. यंत्राला भिऊ नये आणि त्याला नमस्कारही घालू नये. कोष्टक मागून घ्यावे. मी त्यांना म्हटले, "ताई, या चित्रात जात निघत नाही, आणि हुशारीचे गुणही निघत नाहीत. पोराची वाचा मेंदूच्या कोणत्या भागात आहे ते पाहायचे, म्हणजे सुरी तिकडे जाणार नाही."

खरे सांगायचे तर एका गोष्टीचे मला अजून कोडे आहे. तथागतांनी मनाला सर्वांच्या अग्रभागी ठेवले, आणि इथे मनाच्या मागोमाग रक्त धावताना दिसते. त्यावरून मन म्हणजे रक्तच, असे काही जण म्हणतात. आणि ध्यानाला बसलेल्यांची चित्रे दाखवून धम्म सिद्ध झाला, असेही काही जण म्हणतात. मला दोन्ही घाई वाटते. धम्म आचरणात तपासायचा, त्याला चुंबकाच्या दाखल्याची गरज नाही.

बाईंनी संमतीचा कागद मुलाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि मग सही केली. परत आल्यावर मुलगा विहारात सांगत होता: आत पडल्यावर त्याला 'क' पासूनचे शब्द मनातल्या मनात आठवायला सांगितले होते, ओठ न हलविता. डॉक्टरांनी नंतर पडद्यावर डाव्या बाजूचा डाग दाखविला. वाचा तिथे आहे म्हणाले. मी विचारले, "कोणते शब्द आठवलास रे?"

तो हसला, आईकडे पाहिले, आणि काही केल्या सांगेना.